आमच्या भिंती छपरापर्यंत जात नाहीत

मालवणच्या पुढे, दर्यापासून पाच मिनिटांच्या वाटेवर माझी काकी राहते. जुनं कौलारू घर. चार खोल्या पर्यटकांना देते, पडवीत जेवण वाढते. शेजारपाजारी उतरलेले लोकही तिच्या हातच्या सुरमईसाठी येतात. पडवीच्या खांबावर गेली तीन वर्षं एक पाटी होती: 'घरात विडी-सिगारेट ओढू नये'. होडी रंगवून उरलेल्या निळ्या रंगाने चुलतभावाने लिहिलेली. परवा गेलो तर खांबावर नुसता खिळा.

"काकी, पाटी खंय गेली?"

"अरे, त्या पाव्हण्यांनी माका मोबाईल दाखवल्यानी. भाडा घेतल्यावर असा काय सांगूक येणा नाय, कायद्यातच हा म्हणे. मगे काढलंय. गिऱ्हायकाक दुखवून कसा चालतला?"

तो मजकूर मी मागवून घेतला. पुढच्या दोन दिवसांत तोच आणखी दोन ग्रुपवर येऊन पडला. एक आमच्या दहावीच्या बॅचचा, दुसरा मी राहतो त्या सोसायटीचा, जिथे घरमालक आणि भाडेकरू यांचं याच विषयावरून आधीच वाजलेलं आहे. मथळा 'भाडं भरलं की घर आपलं!' खाली सात मुद्दे, प्रत्येकापुढे पेटती मशाल. मालकाला बंदी घालता येत नाही. कोर्टाने हा हक्क 2001 सालीच दिलाय. दंड फक्त 200 रुपये, तो फी समजून भरा. खिडकी उघडली की धूर जातो. चुलीच्या धुरात वाढलेल्या कोकणी माणसाला सिगारेटच्या धुराने काही होत नाही. विडी तर पानाची, नैसर्गिक. आणि शेवटी धमकी, की बंदी घातलीत तर पर्यटक गोव्याला जातील.

क्रमाने घेत नाही. पाचव्यापासून सुरू करतो, कारण डोकं तिथे फिरलं. मूळ वाक्य असं आहे: 'लहानपणी थोडा धूर मिळाला तर छाती तयार होते. पॅसिव्ह स्मोकिंग हे परदेशी खूळ.'

काकीची नात चार वर्षांची आहे. तिला बालदमा आहे. थंडीत आणि शिमग्याच्या आसपास तिचा श्वास चढतो, मग काकी तिला मांडीवर घेऊन नेब्युलायझरचा मास्क धरते आणि मास्क नको म्हणून ती मुलगी दोन्ही हातांनी ढकलत असते. ज्या बाईच्या मांडीवर हे चालतं, तिच्याच फोनवर कुणीतरी 'छाती तयार होते' असं पाठवतो. छाती म्हणजे काय लोणच्याची बरणी आहे, धुरी दिली की टिकायला?

आणि चुलीचं कौतुक कुणी करावं, तर ज्याने फुंकणी हातात धरली नाही त्याने. आमची आजी उभा जन्म चुलीपुढे बसली. विडीला कधी हात लावला नाही. शेवटची सहा-सात वर्षं खळ्यातून न्हाणीपर्यंत जायचं तर मध्ये दोनदा थांबायची, तुळशीच्या कठड्याला धरून. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो "विडी ओढायच्या का?" चुलीच्या धुराने फुफ्फुसं जातात हे आता सरकारलाही ठाऊक आहे, 2016 साली उज्ज्वला योजना आणली ती काही चपात्या मऊ व्हाव्यात म्हणून नव्हे. तेव्हा 'चुलीचा धूर चालला तर सिगारेटचा का नको' या प्रश्नाला उत्तर एवढंच, की चुलीचाही चालला नव्हता. आजी बोलली नाही, इतकंच.

परदेशी खूळ म्हणाल, तर हो, अभ्यास परदेशी आहेत. जपानमध्ये हिरायामा नावाच्या संशोधकाने 1981 साली 91,540 विवाहित बायकांची पाहणी छापली. या बायका स्वतः ओढत नव्हत्या. ज्यांचे नवरे जास्त ओढत, त्यांच्यात फुफ्फुसाच्या कॅन्सरचं प्रमाण जास्त निघालं, आणि नवऱ्याच्या सिगारेटी वाढतील तसं ते वाढत गेलेलं. त्यावर पुष्कळ आरडाओरड झाली. ती कुणी चालवली? 2006 साली अमेरिकेतल्या फेडरल कोर्टाच्या न्यायाधीश ग्लॅडिस केसलर यांनी बड्या सिगारेट कंपन्यांविरुद्ध निकाल दिला. या कंपन्यांनी वर्षानुवर्षं लोकांना फसवलं, दुसऱ्याच्या धुराच्या धोक्याबद्दलही फसवलं, असं त्यात स्पष्ट नोंदवलंय. म्हणजे खूळ परदेशी होतं खरं. पण ते 'काही होत नाही' या बाजूचं.

त्याच वर्षी अमेरिकेच्या सर्जन जनरलचा, म्हणजे तिथल्या सरकारच्या मुख्य आरोग्य-अधिकाऱ्याचा, जाडजूड अहवाल आला. या विषयावर मला एकच कागद कुणाच्या हातात द्यायचा झाला तर तोच देईन. दुसऱ्याच्या धुराची 'एवढी चालेल' अशी सुरक्षित पातळीच नाही, असं तो सांगतो. मुलांच्या बाबतीत श्वसनाचे संसर्ग, कानाची दुखणी आणि दम्याचे झटके तीव्र होणं, ही यादी त्यात आहे. आणि चौथ्या मुद्द्याचा, म्हणजे खिडकीचा, निकालही तिथेच लागतो: ओढणाऱ्यांना वेगळं बसवून, हवा शुद्ध करून किंवा खिडक्या-पंखे लावून इमारतीतला हा धूर पुरता हटत नाही.

आमच्या घरांत तर मुळीच नाही. कौलारू घर ज्याने आतून पाहिलंय त्याला सांगायची गरज नाही. दोन खोल्यांमधली भिंत पुरुषभर उंच जाते आणि थांबते. वर वासे, वाशांवर कौलं, आणि सगळ्या खोल्यांच्या डोक्यावरून सरसकट एकच पोकळी. लहानपणी आम्ही माजघरात झोपलेलो असताना पलीकडच्या खोलीतलं काका-काकींचं बोलणं शब्दन् शब्द ऐकू यायचं (आणि ऐकलेलं सकाळी बोलायचं नसायचं). आवाज जातो त्या वाटेने धूरही जातो. काकीने खोल्यांना दारं लावली, टाईल्स घातल्या, एका खोलीत एसीसुद्धा बसवला. पण भिंती होत्या तेवढ्याच राहिल्या. त्या एसीवाल्या खोलीत तेवढं वरून प्लायवूड मारलंय, तेही एका कोपऱ्यात फुगून सुटलेलं. पाटी काढल्यानंतरच्या पहिल्याच शनिवारी समुद्राकडच्या खोलीत चार जण रात्री एकपर्यंत ओढत बसले होते. खिडकी उघडी होती, मजकुरात सांगितल्याप्रमाणे. पण वारा खिडकीतूनच आत येत असला की काय होतं? धूर खिडकीतून बाहेर जायच्या ऐवजी भिंतीवरून आत येतो. सकाळी मागच्या खोलीतल्या मच्छरदाणीला वास होता. त्या खोलीत नात झोपते.

आता हेच कायद्यात कसं लिहिलंय पाहा. सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानबंदीचे नियम 2 ऑक्टोबर 2008 पासून लागू आहेत. मूळ कायदा 2003 चा. हॉटेलात निदान 30 खोल्या असतील, किंवा उपाहारगृहात 30 माणसं बसायची सोय असेल, तरच ओढणाऱ्यांसाठी वेगळी जागा ठेवता येते. ती जागाही कशी? चारी बाजूंनी पूर्ण उंचीच्या भिंती, आपोआप बंद होणारं दार, आतली हवा थेट बाहेर फेकणारी यंत्रणा. पूर्ण उंचीच्या भिंती! नियम करणारा कधीतरी कौलारू घरात झोपला असावा असं मला त्या दिवशी वाटलं. काकीकडे खोल्या चार आणि पडवीत माणसं मावतात बारा, तीही गुडघे जुळवून.

'सार्वजनिक जागा' या व्याख्येत उपाहारगृह नाव घेऊन घातलेलं आहे, आणि लोकांना जिथे जाता येतं ती जागा, मग ते हक्काने जात असोत वा नसोत, असे शब्द आहेत. बाहेरच्या माणसाला पैसे घेऊन जेवण वाढणारी पडवी यात येत नाही, असं काकीला छातीठोक सांगायला मी तरी धजणार नाही. आणि 200 रुपयांची जी 'फी' म्हणताय, तिची दुसरी बाजू मजकुरात नाही. जागा चालवणाऱ्याकडे तक्रार आली आणि त्याने काही केलं नाही, तर जितके गुन्हे तितका दंड त्याच्या डोक्यावर. पाव्हणा दोनशे भरून गोव्याला जाईल, बाकीचं काकी भरेल. राखदाणी ठेवणंसुद्धा मना आहे. करवंटीची राखदाणी ठेवलीत तरी.

2001 च्या निकालाबद्दल. खोटं बोलायचं तर इतकं बेधडक बोलावं. मुरली देवरा विरुद्ध भारत सरकार, सर्वोच्च न्यायालय, 2 नोव्हेंबर 2001. मुंबईचे मुरली देवरा धूम्रपानाविरुद्ध कोर्टात गेले होते, बाजूने नव्हे. न ओढणाऱ्याने केवळ सार्वजनिक ठिकाणी जावं लागतं म्हणून कॅन्सर आणि हृदयविकार का ओढवून घ्यावा, असं कोर्टाने विचारलं आणि दवाखाने, शाळा, कचेऱ्या, बस, रेल्वे इथे बंदी घालायला सांगितलं. घरातल्या हक्काचा त्यात मागमूस नाही. ज्याने हा मुद्दा लिहिला त्याने निकालाचं साल तेवढं खरं ठेवलं.

पहिल्या मुद्द्यात मात्र अर्धा दाणा खरा आहे, कबूल करतो. नाइलाजाने. स्वतःच्या राहत्या घरात ओढायला कायद्याने बंदी नाही, आणि भाड्याने घेतलेला फ्लॅट हे राहतं घरच. करारात काही नसताना मालकाने सहाव्या महिन्यात येऊन 'आजपासून बंद' म्हणायचं, हे चालत नाही. आमच्या सोसायटीत एका मालकाने नेमकं तेच केलं, आणि भाडेकरू चिडला ते मला पटलं. पण करारात आधीच अट घालायला मालकाला कोण अडवतो? लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणी केलेला असावा, असं महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या 55 व्या कलमात आहे. त्या कागदावर कुत्रा नको, भिंतीला खिळा नको, पाण्याचं बिल तुमचं, अशा दहा अटी असतात. अकरावी सिगारेटची. सही केलीत तर पाळा, नसेल पाळायची तर दुसरं घर बघा. आणि दोन रात्रींचा पाव्हणा तर भाडेकरूसुद्धा नव्हे. बुकिंगच्या वेळी सांगितलेली अट त्याला फार वाटत असेल, तर किनारा मोकळा आहे.

किनाऱ्यावर उघड्यावर एकटा उभा राहून ओढणाऱ्याशी माझं भांडण नाही. थोटूक तेवढं खिशात घालून न्या. त्यातला फिल्टर कापसाचा नसतो, प्लॅस्टिकचा असतो. तो वाळूत कुजत नाही. आणि एप्रिल-मेमध्ये बागेच्या वाटेवर तर पेटवूच नका. आंब्याच्या कलमांखाली सुकी पातेरी घोटाभर पडलेली असते, शेजारी मांगरात गवत भरलेलं असतं. एका थोटकाने काय होतं हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही, मुंबईकराला लागतं.

विडी नैसर्गिक. बरं. कण्हेरही नैसर्गिकच. विडीच्या धुरातून निकोटिन, टार आणि कार्बन मोनॉक्साइड सिगारेटपेक्षा कमी नाही, जास्तच जातं. वरचं पान तेंदूचं आहे म्हणून आतला तंबाखू तुळस होत नाही.

राहिलं गोवा. 'गोवा प्रोहिबिशन ऑफ स्मोकिंग अँड स्पिटिंग अॅक्ट' 1997 चा आहे. देशाचा कायदा यायच्या सहा वर्षं आधी गोव्याने स्वतःचा केला, त्यात थुंकणंही घेतलं. तेव्हा जाऊ देत गोव्याला.

थुंकण्यावरून आठवलं. दहावीच्या ग्रुपवर मी हे सगळं टाकल्यावर एका मित्राचा प्रश्न आला, की महाराष्ट्रात ओढणारे असतात किती? चघळणाऱ्यांना कोण बोलतो? त्याचंही खरं आहे. 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीत आपल्या राज्यात धूम्रपान करणारे 3.8 टक्के निघाले आणि चघळणारे, मशेरी लावणारे वगैरे मिळून 24.4 टक्के. आमच्या घरातसुद्धा मशेरीचा डबा होता, आणि कुणाचा ते मी इथे लिहिणार नाही. पण मशेरी लावणारीची मशेरी भिंतीवरून पलीकडच्या खोलीत जात नाही. मित्राने यावर अंगठा पाठवला. पटलं म्हणून की विषय संपव म्हणून, कोण जाणे.

मी मालवण बाजारात नवी पाटी करून घेतली. नियमात आहे तशी: 60 सेंटिमीटर बाय 30, पांढरी पाटी, लाल वर्तुळ, मध्ये धूर सोडणारी सिगारेट आणि तिच्यावर आडवा लाल पट्टा. खाली मराठीत 'धूम्रपान निषिद्ध क्षेत्र. येथे धूम्रपान करणे हा गुन्हा आहे.' चुलतभावाबरोबर पाठवून दिली. काल काकीचा व्हॉइस मेसेज आला, मागे कोंबडी ओरडत होती.

"बोर्ड लावलंय रे. पण न्हाणीच्या बाजूक लावलंय. फुडे लावलंय तर बरा दिसणा नाय, गुन्हो-बिन्हो लिवलेला हा त्येच्यार."

नियमात 'प्रवेशद्वारावर' असं आहे. रविवारी जातोय. पडवीचा खिळा अजून खांबावरच आहे.