सेक्रेटेरिएट पैदाशीत ‘फेल’ गेला नव्हता

पुण्याचा पावसाळी सीझन आला की रेसवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सेक्रेटेरिएट या अमेरिकन शर्यतीच्या घोड्याबद्दलचा एक फॉरवर्ड फिरू लागतो. यंदा तो मला चार ठिकाणांहून आला: ‘सेक्रेटेरिएट मैदानात राजा, पैदाशीत सपशेल फेल. मुळात नापीक. एकही नाव घेण्याजोगं शिंगरू नाही. मुलांनी वंश चालवला नाही, म्हणजे रक्त संपलं. 22 पौंडांचं हृदयही वाया गेलं.’

मैदानाबद्दल वाद नाहीच. 1973 मध्ये त्यानं ट्रिपल क्राउन (केंटकी डर्बी, प्रीकनेस आणि बेलमाँट या तीन शर्यती) जिंकला, त्यातली बेलमाँट तर 31 लेंग्थनं, म्हणजे 31 घोड्यांच्या लांबीनं, 2 मिनिटं 24 सेकंदांत. एकूण 21 शर्यती, 16 विजय. बाकीचं मात्र तपासून घेऊ.

नापीक? 1973 च्या शेवटी केंटकीतल्या क्लेबर्न फार्मवर वीर्यतपासणीत अपक्व पेशी दिसल्या आणि खळबळ उडाली, हे खरं. त्याच्यापासून पैदास करून घेण्याच्या हक्काचे 32 शेअर्स आधीच एकूण 60 लाख 80 हजार डॉलरना विकले गेले होते, म्हणून काळजी मोठी. पण चाचणीसाठी त्याच्याशी जुळवलेल्या ॲपलूसा जातीच्या घोडीला नोव्हेंबर 1974 मध्ये शिंगरू झालं आणि पुढं त्याची सहाशेहून जास्त संतती जन्मली.

‘नाव घेण्याजोगं शिंगरू नाही’ हे वाचून मला खरंच राग येतो. लेडीज सीक्रेट ही त्याची मुलगी 1986 ची अमेरिकेची हॉर्स ऑफ द इयर. त्याच वर्षी व्हिटनी शर्यतीत तिनं नरांना हरवलं. रायझन स्टारनं 1988 ची प्रीकनेस आणि बेलमाँट मारली. जनरल असेंब्लीचा 1979 चा ट्रॅव्हर्स शर्यतीतला विक्रम 37 वर्षं टिकला. किंग्स्टन रूलनं 1990 चा मेलबर्न कप विक्रमी वेळेत जिंकला.

मग ही बदनामी आली कुठून? मला वाटतं, पैशातून. 1976 मध्ये त्याचं एक शिंगरू, कॅनेडियन बाउंड, 15 लाख डॉलरना गेलं. लिलावात दहा लाखांपुढं गेलेलं ते पहिलं इयरलिंग, म्हणजे वर्षाचं शिंगरू. आणि त्यानं एकही शर्यत जिंकली नाही. लोकांना दुसरा सेक्रेटेरिएट हवा होता. तो आला नाही, एवढंच.

आता वंशाचं. त्याचे मुलगे बाप म्हणून चालले नाहीत, हे मी मान्य करतो. पण त्यावरून ‘रक्त संपलं’ म्हणणारा पेडिग्रीचा, म्हणजे वंशावळीचा, अर्धाच कागद वाचतो. माझे मामा इथल्या तबेल्यात मोतद्दार होते. नवा घोडा आला की त्यांचा पहिला प्रश्न असे, “आई कुणाची पोर?” तोच प्रश्न इथं विचारून बघा. पैदाशीत गाजलेल्या स्टॉर्म कॅट या घोड्याची आई टरलिंग्वा, सेक्रेटेरिएटची पोर. ए. पी. इंडी आणि समर स्क्वॉलची आई वीकेंड सरप्राइज, तीही त्याचीच. गॉन वेस्टची आई सीक्रेटेम, तीही. स्टॉर्म कॅटची पैदाशीची फी पुढं पाच लाख डॉलरपर्यंत चढली. ए. पी. इंडी 1992 चा हॉर्स ऑफ द इयर, नंतर दोनदा अमेरिकेचा अव्वल सायर, म्हणजे पैदाशीचा बाप. त्याच 1992 मध्ये सेक्रेटेरिएट उत्तर अमेरिकेत आईच्या बापांच्या (मुलींच्या पोरांच्या कमाईवरून ठरणाऱ्या) यादीत पहिला आला. 2015 चा ट्रिपल क्राउन विजेता अमेरिकन फॅरो आणि 2018 चा जस्टिफाय, दोघांच्याही पेडिग्रीत स्टॉर्म कॅट आहे, म्हणजे टरलिंग्वाही. खाण तशी माती, ही म्हण आपण आईवरूनही वापरतो ना?

हृदयाबद्दल थोडं जपून बोलायला हवं. 4 ऑक्टोबर 1989 ला लॅमिनायटिस या खुरांच्या आजारामुळं त्याला शांतपणे मरण द्यावं लागलं. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांनी ते हृदय तराजूत घातलंच नाही; 22 पौंड हा नंतरचा अंदाज आहे. घोडा आपलं एक्स गुणसूत्र मुलींनाच देतो, मुलांना नाही, हे पक्कं. पण मोठं हृदय त्याच गुणसूत्रावरून उतरतं, हा सिद्धांत सिद्ध झालेला नाही. मुलींमार्फत त्याचं रक्त का टिकलं याचं ते सोपं उत्तर म्हणून मीही पुढं करणार नाही. टिकलं, हे मात्र स्टड बुकात, म्हणजे घोड्यांच्या वंशनोंदीत, लिहिलेलं आहे.