जागेचं नाव सांगणार नाही, गाठ मात्र सांगतो

नमस्कार भाऊ,

तुम्ही नाव लिहिलेलं नाही, नुसतं 'सिडको, नाशिक' एवढंच लिहिलंय, म्हणून भाऊच म्हणतो. मागच्या लेखात मी पाण्याकाठी कसं वागावं यावर लिहिलं होतं. आधीपासून बसलेल्याला विचारून बसावं, त्याच्या दोऱ्यावरून गळ फेकू नये, नव्या माणसाला हात द्यावा, असं ते होतं. त्यावर तुमची प्रतिक्रिया आली. बाकीच्या वाचकांना संदर्भ लागावा म्हणून तिचा सारांश देतो. तुम्ही म्हणता, मी सौजन्याच्या गप्पा मारतो आणि मरळ मासा कुठे लागला ते लपवतो. जुन्या लोकांची ही एक टोळी आहे. गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला तुम्ही दोन रविवार चार जणांना विचारलंत, की मासा लागल्यावर तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, गाठीपाशीच का तुटतो; तुमचा तो चार वेळा तुटला होता. एकाने मान वर केली नाही, एक जण म्हणाला, "आधी घरी शिकून या." आणि शेवटी तुम्ही विचारलंय, मासा काय कुणाच्या बापाचा आहे का?

तुमची प्रतिक्रिया मी दोनतीनदा वाचली. गाठीबद्दल तुमचं शंभर टक्के बरोबर आहे. जागेबद्दल मला ते पटत नाही.

आधी गाठीचं बोलू, कारण ते उत्तर तुम्हाला दोन रविवारांपूर्वीच मिळायला हवं होतं. त्या चौघांत मी नव्हतो, पण ती माणसं आमच्यातलीच, तेव्हा आमच्या सगळ्यांच्या वतीने माफी मागतो. मला स्वतःला गळ बांधायला शिकवलं ते दारणेच्या काठच्या एका म्हाताऱ्या बाबांनी. माझे तीन गळ लागोपाठ गेलेले त्यांनी लांबून पाहिले, स्वतःची काठी दगडाखाली दाबून ठेवली आणि उठून माझ्याजवळ आले. त्यांचा मासा त्या वेळात येऊन गेला असता तरी त्यांनी पाहिलं नसतं. घरी शिकून ये असं ते मला म्हणाले असते, तर मी आज इथे लिहीत बसलो नसतो.

तर बाबांनी शिकवलं ते असं. तंगुसाचं टोक गळाच्या नेढ्यातून ओवा आणि वीतभर बाहेर काढा. ते टोक मूळ दोऱ्याभोवती पाच-सहा वेळा पिळा. नेढ्यालगत जी बारीक फट राहते तिच्यातून टोक मागे घाला, मग जो मोठा फास तयार झालेला असतो त्यातून पुन्हा एकदा काढा. इथवर तुम्हीही बरोबर करत असाल. चूक बहुतेक पुढे होते. गाठ आवळायच्या आधी ती तोंडात धरून थुंकीने ओली करायची आणि हळूहळू, एकसारखी ओढायची. कोरडी गाठ झटक्यात आवळली की दोऱ्यावर दोरा घासतो, तापतो आणि नेमका तिथेच कमजोर होतो. बाहेरून काही दिसत नाही. मोठा रोहू पहिला हिसका देतो तेव्हा कळतं. वेढे एकावर एक चढलेले दिसले तर वाईट वाटून न घेता गाठ कापायची आणि परत बांधायची.

अजून दोन गोष्टी तपासा. गळापासून वरचं हातभर तंगूस नखावरून सरकवून बघा. खरखर लागली तर तेवढा तुकडा दगडाला घासला गेलेला आहे, तो काढून टाका. आणि रीलचा ड्रॅग, म्हणजे किती ओढल्यावर दोरा सुटेल ते ठरवणारा पेच, बघा. तो गच्च आवळून ठेवलेला असेल तर सगळा ताण गाठीवरच येतो. हाताने जोर लावून ओढल्यावर दोरा कुरकुरत सुटला पाहिजे. कापलेले तुकडे खिशात घाला. तंगूस कुजत नाही, आणि काठावर वावरणाऱ्या बगळ्यासारख्या वंचकाच्या पायात त्याचा एक वेढा बसला की पक्षी पाय तरी गमावतो नाहीतर जीव.

आता जागेचं. तीन वर्षांपूर्वी याच ब्लॉगवर मी एका काठाचं नाव लिहिलं होतं, गावासकट. हेतू चांगला होता, नव्या मुलांना मासा मिळावा एवढाच. पुढच्या दोन-तीन रविवारी तिथे मोटारसायकलींची रांग लागली. पाणी उतरतं तशी मोकळ्या झालेल्या जमिनीत तिथले लोक गाळपेर करतात. त्या वर्षी हरभरा होता, घाटे धरलेला. लोक बांधाबांधाने न जाता सरळ त्यातूनच काठाला गेले. कुणाचा तरी गळ जाळ्यात अडकला तेव्हा त्याने गळ सोडवायच्या ऐवजी सुरीने जाळंच कापलं.

मी गेलो तेव्हा तिथल्या मच्छीमार संस्थेचे एक सभासद काठावर उकिडवे बसून ते जाळं शिवत होते. गुडघ्यावर पसरलेलं जाळं, मधे दोन हातांचं भगदाड. एकेक घर मोजून ते गाठ मारत होते. माझ्यावर ते ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "साहेब, हे शिवायला आजची रात्र जाणार. जाळं पाण्यात नाही म्हणजे उद्या बाजारात न्यायला काही नाही." मी घरी आलो आणि आधी लेखातून त्या गावाचं नाव काढलं. पण तोवर उशीर झाला होता. त्या गावाने हौशी लोकांना काठावर येऊ देणं बंद केलं, आणि माझ्या मते ते बरोबरच केलं. तुम्ही ज्याला लपवणं म्हणता त्याच्या मागे हे आहे.

"मासा कुणाच्या बापाचा" या प्रश्नाचंही नीट उत्तर देतो, कारण हा प्रश्न बरेच जण विचारतात. रोहू, कटला, मृगळ हे मूळचे गंगेच्या खोऱ्यातले मासे, आपल्या गोदावरीचे नव्हेत. धरणाच्या साठलेल्या पाण्यात ते सहसा वीण घालत नाहीत, त्यांना पावसाळ्यात वाहतं पाणी लागतं. म्हणून जलाशयात बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिलं, सोडावी लागते. बहुतेक जलाशयांवर मासेमारीचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो आणि त्या बोटुकलीत तिचे पैसे गेलेले असतात. आपण रविवारी ज्या रोहूचा फोटो काढतो तो कुणीतरी बोटाएवढा असताना आणून सोडलेला असतो. काठावर पोचल्यावर संस्थेच्या माणसाला विचारणं, तो जे काय सांगेल ते ऐकणं, पावती फाडायला सांगितली तर फाडणं, हे मला म्हणूनच 'नवीन माणसाला जागा द्या' याच्या आधीचं वाटतं. मागच्या लेखात मी हे लिहिलंच नाही. तिथे माझी चूक झाली आणि ती तुमच्या प्रतिक्रियेमुळे लक्षात आली.

शिवाय जागेचं नाव घेऊन तुम्हाला खरंच फार उपयोग झाला नसता. गंगापूर धरण १९६५ चं, दारणा तर १९१६ चं, पण दोन्हीकडे पाणी एका जागी राहत नाही. शहराला पाणी जातं, शेतीची आवर्तनं सुटतात, पाऊस कमी झालेल्या वर्षी खाली जायकवाडीलाही सोडावं लागतं. सप्टेंबरमध्ये तुम्ही जिथे उभे राहून गळ टाकता तिथे मार्चमध्ये ढेकळं असतात. मी मरळ ज्या झुडपांत पकडली ती झुडपं आज कोरड्यात उभी आहेत.

त्यापेक्षा हे बघा. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की काठावर फिरून या, हातात काठी-रील काही न घेता. जुन्या ओढ्याची वाट, पाण्यात जाणारे बांध, बाभळीची खोडं कुठे आहेत ते वहीत काढून ठेवा. पाणी भरल्यावर मासा त्यांच्याच आसऱ्याला येतो. कटला वरच्या पाण्यात चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाला, त्याप्रमाणे गळ किती खोल सोडायचा ते ठरतं. मरळ हवा घ्यायला वर येते. सकाळी वारा नसताना गवताच्या कडेला दहा मिनिटं गप्प बसलात तर ती कुठे आहे हे तिचं तीच सांगते.

मरळीचं निघालंच आहे तर एक विनंती. पावसाळ्यात उथळ पाण्यात लालसर-नारिंगी पिलांचा थवा एकदम वर येऊन बुडबुडे सोडताना दिसला, तर तिथे गळ टाकू नका. त्या थव्याखाली नर-मादी राखण करत असतात आणि जवळ येईल त्या कशावरही झडप घालतात, त्यामुळे तेव्हा त्या पकडणं अगदी सोपं असतं. पण राखण करणारा मासा काढला की बाकीचे मासे ती पिलं बघता बघता संपवतात. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, मी स्वतः एकदा केलं आणि काठावर उभा राहून पुढचं पाहिलं. त्या दिवसाचा फोटो मी कधीच कुणाला दाखवला नाही.

तुमच्याकडून मला एक हवं आहे. तुम्ही लिहिलंय, "मी नवीन, मी काय सांगणार." असं नाही. आमच्यातला प्रत्येक जण मासा लागला की सांगतो. रिकाम्या हाताने परत आलेल्या दिवसाबद्दल कुणी बोलत नाही, आणि असे दिवस चारातले तीन असतात. वारा कुठून होता, पाणी गढूळ होतं का, कणकेचा गोळा लावला की गांडूळ, किती वाजता उठलात, हे तुम्ही लिहिलंत तर ते माझ्या मरळीच्या फोटोपेक्षा दहापट कामाचं आहे. तुमचे ते दोन रविवारसुद्धा. चार वेळा तंगूस तुटला म्हणजे चार वेळा मासा लागला होता, हे तुमच्या लक्षात आलंय का? तुम्ही जागा बरोबर शोधली होती, तीही कुणाला न विचारता. तेव्हा कोणतं आमिष होतं ते कळवा, मला खरंच जाणून घ्यायचं आहे.

येत्या रविवारी पहाटे साडेपाचला मी गिरणारे बसथांब्यावर असेन. तिथून पुढे कुठे ते पाणी बघून ठरवू, आणि काठावर उतरण्याआधी संस्थेच्या माणसाला भेटू. तुमचंच तंगूस आणि तुमचेच गळ घेऊन या, म्हणजे गाठ त्यावरच बांधून बघता येईल. हात ओले करून मासा कसा धरायचा तेही दाखवतो, कारण कोरड्या हाताला त्याच्या अंगावरची बुळबुळ निघून येते आणि सोडलेला मासा मग आजारी पडतो. रुमाल नको, जुनी कात्री आणि एक रिकामी पिशवी असू द्या.