पावडर ब्लू टँग, पांढरे ठिपके आणि 76 दिवस: दुकानाकडून उत्तर

नमस्कार सर,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. तक्रार थोडक्यात अशी: आमच्याकडून नेलेल्या पावडर ब्लू टँग या समुद्री माशावर पाचव्या दिवशी पांढरे ठिपके आले. दुसऱ्या दुकानातलं मेथिलीन ब्लू हे औषध टाकल्यावर ते गेले, आठवड्याभरात दुपटीने परत आले. मधे क्लाउन माशांची जोडी मेली. आणि फोन केलात तेव्हा आम्ही ‘76 दिवस टाकीत एकही मासा ठेवू नका’ असं सांगून तुमची थट्टा केली.

थट्टा अजिबात नव्हती. हा आकडा ऐकून बरेच जण फोन ठेवून देतात, म्हणून तो कुठून आला ते इथेच लिहितो.

तुमच्या फोटोत टँगवर जे दिसतंय ते मरीन व्हाइट स्पॉट, म्हणजे क्रिप्टोकॅरियॉन. मिठाच्या कणाएवढे, सुटे सुटे, मोजता येतील असे ठिपके. प्रत्येक ठिपक्यात कातडीखाली एक परजीवी बसलेला असतो. तीन ते सात दिवस तो तिथे खातो, मग आपणहून सुटतो आणि वाळूवर किंवा दगडावर चिकटून स्वतःभोवती कवच करतो. आत त्याचे भाग होत जातात आणि कवच फुटलं की शेकड्यांनी पिल्लं बाहेर पडतात. तीही बहुतेक अंधारात, टँग दगडाच्या कपारीत झोपलेला असताना. म्हणजे पहिले ठिपके जाणारच होते. मेथिलीन ब्लूच्या जागी हळद टाकली असती तरी गेले असते. दुपटीने परत आले ती पुढची पिढी.

मेथिलीन ब्लूने एक काम मात्र केलं असणार: फिल्टरमधल्या, अमोनिया संपवणाऱ्या बॅक्टेरियांना मारलं असेल. आजच अमोनिया तपासा.

पिल्लाला एक-दोन दिवसांत मासा मिळाला नाही तर ते मरतं. अडचण कवचाची आहे. काही कवचं तीन-चार दिवसांत फुटतात, काही आठवडेच्या आठवडे तशीच पडून राहतात. 72 दिवसांपर्यंत पिल्लं बाहेर आल्याची नोंद आहे, म्हणून 76. कोरल, झिंगे, गोगलगायी टाकीतच राहू द्या, त्यांच्यावर हा परजीवी जगत नाही. बाहेर काढायचे ते मासे, आणि सगळे. ‘ज्याला ठिपके आहेत तेवढाच काढतो’ याचा उपयोग नाही.

आता ‘आजारी मासा विकला’ या आरोपाबद्दल. टँग आमच्याकडे असताना त्याच्यावर ठिपका नव्हता आणि तो नोरी (सुकं समुद्री शेवाळ) खात होता, हे तुम्ही स्वतः पाहिलंत. पण ठिपका नाही म्हणजे परजीवी नाही असं मी कुणालाच सांगत नाही. सुरुवातीला तो कल्ल्यांत असतो, तिथे डोळ्यांना दिसत नाही. शिवाय आमच्या विक्रीच्या टाक्यांत कमी मात्रेत कॉपर (तांब्याचं औषध) असतं. त्याने आजार दबतो, बरा होत नाही. हे बिलामागे छापलेलं आहे आणि तुम्हाला तोंडीही सांगितलं होतं: घरी क्वारंटाइन करा, थेट रीफमध्ये, म्हणजे कोरलच्या टाकीत, सोडू नका. समुद्रातून पकडलेल्या माशाची, त्यातही पावडर ब्लूसारख्या ठिपक्यांना लगेच बळी पडणाऱ्या माशाची, हमी कुणी देत असेल तर त्याच्याकडून जपून घ्या.

क्लाउन आमच्याकडचे नव्हते. ते टँगनंतर दोन दिवसांनी दुसरीकडून आणले, असं तुम्हीच लिहिलंय. त्यांच्या फोटोत ठिपके नाहीतच. अंगावर पांढरट चिकट साय आहे, कातडी सुटल्यासारखी दिसते, आणि दोन दिवसांत दोन्ही गेले. ही लक्षणं ब्रूक्लिनेला या दुसऱ्याच परजीवीची वाटतात. पकडून आणलेल्या क्लाउनमध्ये तो नेहमी दिसतो. त्यावर कॉपर चालत नाही, फॉर्मॅलिन लागतं. टँगच्या व्हाइट स्पॉटने ते मेले असं या फोटोंवरून म्हणता येत नाही.

टँग अजून खातोय म्हणता, म्हणजे वेळ आहे. वेगळी टाकी लावा: स्पंज फिल्टर, हीटर, लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे. लाइव्ह रॉक (जीवजंतू असलेला समुद्री दगड) आणि कोरल वाळू नको, ते कॉपर शोषतात. साधं आयोनिक कॉपर असेल तर 0.15 ते 0.20 पीपीएम (दहा लाखांत इतके भाग). किलेटेड (दुसऱ्या रसायनात बांधलेलं कॉपर) असेल तर आकडा बराच मोठा असतो, 1.5 ते 2.5च्या आसपास, तेव्हा बाटलीवरचं वाचा. टँगला कॉपर सोसायला वेळ लागतो, दोन-तीन दिवसांत हळूहळू चढवा. मग सलग 30 दिवस त्या पातळीखाली येऊ देऊ नका. कॉपर फक्त पाण्यात पोहणाऱ्या पिल्लांना मारतं, त्यामुळे मधेच पातळी पडली की मोजणी पहिल्यापासून. अमोनिया बांधणारं कंडिशनर कॉपरसोबत टाकू नका, मासा मरेल. अमोनिया चढला तर पाणी बदला, नव्या पाण्यात तेवढंच कॉपर घालून. रीफ टाकीत कॉपरचा थेंबही नको, झिंगे आणि कोरल संपतील.

‘मीठ टाका, तापमान 30 करा’ हा सल्ला गोड्या पाण्याच्या व्हाइट स्पॉटचा आहे. तो जीवच वेगळा. खाऱ्या टाकीत आणखी मीठ टाकून काय होणार, हे सल्ला देणाऱ्यालाच विचारा.

ठिपक्यांऐवजी पिठासारखी बारीक सोनेरी धूळ दिसली आणि मासा वेव्हमेकरच्या (पाणी हलवणाऱ्या पंपाच्या) प्रवाहात तोंड करून जोरात श्वास घेत राहिला, तर ते व्हेल्वेट, हा वेगळा आजार. ते काही दिवसांतच मासा नेतं. रात्र असली तरी फोन करा.

पैसे परत करणार नाही. मासा पाच दिवस ठणठणीत होता आणि क्वारंटाइन झालं नाही. पण रिकामी दोन फुटी टाकी आणि स्पंज फिल्टर महिन्याभरासाठी घेऊन जा, भाडं नाही. कॉपरची टेस्टही काउंटरवर फुकट करून देऊ. येताना औषधाची बाटली आणा. आयोनिकचं किट किलेटेडला वापरलं तर रीडिंग चुकतं.

— दुकानमालक