‘अंदाजे घ्या’ म्हणणाऱ्यांच्या हातात कोणीतरी पट्टी द्या

व्हिडिओतून मिनिएचर, म्हणजे खऱ्या वस्तूंच्या छोट्या प्रतिकृती, शिकवणाऱ्यांची ही कसली भाषा? ‘थोडासा गोंद’, ‘जरासा रंग’, ‘साधारण बोटाएवढी पट्टी’. कोणाच्या बोटाएवढी? परदेशात चार वर्षं काढून आलेल्या माणसाला तिथलं रोजचं दार, तिथली खिडकी टेबलावर उभी करायची असते. दार लाल होतं हे त्याला पक्कं आठवतं, किती उंच होतं हे आठवत नाही. मापाचं तेवढं सांगा, तर हे म्हणतात ‘मनाला येईल तसं करा’!

इंग्लंडमधली ती एकाला एक चिकटलेली विटांची घरं घ्या. आठवायची गरजच काय, मापं ठरलेली आहेत. आजची प्रमाणित वीट २१५ × १०२.५ × ६५ मिमी, सांधा १० मिमी. १:१२ मध्ये, म्हणजे खऱ्याच्या बाराव्या हिश्शात, विटेचा दर्शनी भाग १८ × ५.४ मिमी, सांधा जेमतेम ०.८. दाराचं एक नेहमीचं माप १९८१ × ७६२, म्हणजे १६५ × ६३.५ मिमी. बाराने भागायचं, एवढंच गणित. आणि यांच्या व्हिडिओत? सांधे २ मिमीचे कोरलेले. म्हणजे खऱ्या भिंतीत २४ मिमी! कुठला गवंडी असं बांधतो? मग घर खेळण्यातलं दिसतं आणि लोक रंगाला शिव्या घालतात.

विकत मिळणारं सामान तर विचारूच नका. पाकिटावर नुसतं ‘मिनिएचर’. स्केल, म्हणजे खऱ्याच्या किती पट लहान ते, छापायला शाई संपते का? साडेनऊ सेंटिमीटर उंचीचा कॉफीचा मग १:१२ मध्ये ८ मिमी हवा. पाकिटातून १६ मिमीचा निघतो. तो १:६ चा. टेबलावर कॉफीचा मग नाही, बादली ठेवल्यासारखी दिसते.

खिडकीच्या काचेला ‘सुपरग्लू लावा’ म्हणणाऱ्याने स्वतः कधी लावलाय का, शंकाच आहे. सुपरग्लूची वाफ हवेतल्या ओलाव्याशी संयोग पावून पारदर्शक शीटवर पांढरी साय धरते. बंद चौकटीत तर हमखास. तिथे पारदर्शक सुकणारा पांढरा गोंद लागतो, टूथपिकच्या टोकाने, फक्त कडेला. वेळ लागतो, लागू दे.

पुठ्ठ्याची भिंत वाकते तेव्हा ‘पुठ्ठा खराब होता’. पुठ्ठा कशाला खराब असेल? एकाच बाजूला गोंद लावून कागद चिकटवला की ती बाजू पाणी पिऊन फुगते, सुकताना आखडते आणि भिंत पन्हाळीसारखी वळते. मागच्या बाजूलाही तसाच कागद चिकटवा आणि सुकेपर्यंत वजनाखाली ठेवा. फोमबोर्डवर, म्हणजे दोन कागदांमध्ये फोम असलेल्या बोर्डवर, सरळ स्प्रे पेंट मारायला सांगणारे वेगळेच. कापलेल्या कडांना उघडा पडलेला फोम स्प्रेमधल्या द्रावकाने विरघळतो. आधी कडांवर अ‍ॅक्रिलिकचे दोन हात द्या, हे एक वाक्य बोलायला किती सेकंद लागतात?

आणि त्या घराच्या दारापुढच्या पायरीवरची ती दुधाची बाटली! यूव्ही रेझिनमध्ये, म्हणजे अतिनील उजेडात कडक होणाऱ्या पातळ रेझिनमध्ये, पांढरा रंग ‘छान दाट’ कालवायचा म्हणे. दाट पांढऱ्यातून उजेड खाली पोचतच नाही. वरून कडक, आतून चिकट, आणि आठवड्याभराने बुडातून पाझर. रंग टाचणीच्या टोकावर मावेल एवढाच, एका वेळी जास्तीत जास्त मिलिमीटरभर थर, प्रत्येक थर पूर्ण कडक करूनच पुढचा. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा. कच्चं रेझिन त्वचेला लागत राहिलं तर अ‍ॅलर्जी होऊ शकते. तेही कोणी सांगत नाही, कारण उघड्या हातांवर नेलपेंट चांगलं दिसतं.

इतकं सगळं होऊन सरळ विचारावं, ‘स्केल कुठलं?’ तर उत्तर: ‘डोळ्याला बरं दिसेल ते!’