खिशातला कांदा आणि नवतपा

‘आपण विदर्भातली माणसं, ४५ अंश आपल्याला काय नवीन? खिशात कांदा ठेवा, तहान लागली की पाणी प्या, ताप चढला तर गोळी घ्या. रात्री झोपलं की सकाळी अंग ताजंतवानं,’ असा संदेश नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, जवळ आला की गावोगाव फिरू लागतो.

सवयीचा मुद्दा अगदीच खोटा नाही. उन्हातले काम रोज थोडे थोडे वाढवत नेले, तर एक-दोन आठवड्यांत घाम लवकर येऊ लागतो आणि त्यातून मीठ कमी जाते. पण काही आठवडे सावलीत काढले की ही सवय ओसरते. लग्नासाठी पुण्याहून आलेला मुलगा मूळचा चंद्रपूरचा असला, तरी पहिल्या दिवशी वावरात तो नवखाच असतो.

कांदा भाकरीसोबत जरूर खावा. खिशातला कांदा अंगातली उष्णता काढत नाही.

तहान मुळात उशिरा लागते, म्हाताऱ्यांना तर आणखी उशिरा. शिवाय वावरात आडोसा नसल्यामुळे कितीतरी बाया तहान लागूनही मुद्दाम कमी पाणी पितात, हे संदेश लिहिणाऱ्याच्या गावीही नसावे.

गोळीचा सल्ला सर्वांत घातक आहे. साध्या तापात मेंदूच शरीराचे तापमान वाढवून धरतो आणि गोळी ते उतरवते. उष्माघातात मात्र उष्णता बाहेर टाकण्याची यंत्रणाच कोलमडलेली असते, त्यामुळे पॅरासिटामॉलचा उपयोग होत नाही. माणूस असंबद्ध बोलू लागला, तर १०८ ला फोन करावा, त्याला सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा. शुद्ध हरपली असल्यास तोंडात पाणी घालू नये.

राहिली रात्र. टिनाच्या खोलीत रात्री दहा वाजता भिंतीला हात लावून पाहावा. ती गरमच लागते आणि वीज गेली की कूलर म्हणजे नुसता पत्र्याचा डबा. हवेचे तापमान शरीराच्या ३७ अंशांवर गेले की घाम वाळण्याखेरीज थंड होण्याचा मार्ग उरत नाही, आणि त्यासाठी त्वचेकडे रक्त ढकलत राहिलेल्या हृदयाला रात्रीची उसंत लागते. म्हणूनच हवामान विभाग उष्ण रात्रींचा इशारा वेगळा देतो. सलग चार-पाच रात्री ही उसंत मिळाली नाही, तर दुपारी घराबाहेर न पडलेला म्हाताराही खाटेवरच कोसळू शकतो, आणि अशा मृत्यूच्या कारणात बऱ्याचदा केवळ हृदयविकार लिहिला जातो.