बोट रशियाची होती, मग आपलं काय?

आज नौदल दिन. सोसायटीच्या ग्रुपवर सकाळी कुणीतरी पोस्ट टाकली, १९७१ च्या युद्धात आपल्या नौदलाने मिसाईल बोटींनी कराचीवर केलेल्या हल्ल्याची. त्याखाली एका शिकल्यासवरलेल्या मुलाने लिहिलं, "बोट रशियाची, मिसाईल रशियाचं. आपण काय केलं? बटण दाबलं." त्यावर लगेच अंगठेही आले. तिथे मी काही बोललो नाही, कारण बोललो असतो तर फार लागेल असं बोललो असतो. म्हणून इथे लिहितोय.

ती बोट काय होती ते आधी बघा. सोव्हिएत ओसा जातीच्या आठ बोटी आपल्याकडे आल्या, आपण त्यांना विद्युत वर्ग म्हणतो. लांबी ३९ मीटरसुद्धा नाही, वजन २०० टनांच्या आसपास, तीसेक माणसं. डेकवर दोन्ही अंगांना दोन-दोन लाँचर, मोठ्या पत्र्याच्या पेट्यांसारखे. मागचे दोन जरा जास्त उचललेले, म्हणजे मागचं मिसाईल पुढच्या पेटीच्या डोक्यावरून सुटावं. एकेक मिसाईल दोन टनांच्या वर, त्यात जवळजवळ अर्ध्या टनाचं स्फोटक, पल्ला ४० किलोमीटर. इंधन द्रवरूप, त्यातला एक भाग नायट्रिक ॲसिडच्या जातीचा, अंगावर उडाला तर कातडी जाळणारा. पुढे-मागे ३० मिलिमीटरच्या जोडतोफा. विमान अंगावर आलं तर तेवढाच आधार. पाणबुडी आली तर तोही नाही.

आणि पोटात तीन इंजिनं. इथे मला आमच्या मामांबद्दल लिहायचंच आहे. मामा गोदीत फिटर होते आणि नोकरीची बरीच वर्षं त्यांनी याच बोटींच्या इंजिनांत काढली. आम्ही मुलं काळाचौकीला त्यांच्याकडे सुट्टीत जायचो. एकदा त्यांनी गॅलरीतल्या फरशीवर खडूने एक गोल काढला, त्यातून सात रेघा बाहेर काढल्या आणि प्रत्येक रेघेवर सहा ठिपके दिले. म्हणाले, "मोज." बेचाळीस. एका इंजिनाला ४२ सिलिंडर, मधल्या दांड्याभोवती चक्राच्या आऱ्यांसारखे रचलेले. ताकद ४००० अश्वशक्ती, अशी तीन. मग त्यांनी खालच्या रेघांवर बोट ठेवलं. "इथे नजर पोचत नाही. इथे आडवं पडायचं आणि बोटांनी बघायचं."

बटण म्हणे. ती इंजिनं चालू राहिली म्हणून बटणापर्यंत कुणाचा हात पोचला!

एवढ्या जड बोटी उचलायला तेव्हा मुंबईत क्रेन नव्हती. त्या कलकत्त्याला उतरवल्या आणि तिथून समुद्रातून ओढत मुंबईला आणल्या. नौदलातल्या डोक्यांनी तिथेच हेरलं की ओढत एवढ्या लांब नेता येतात, तर शत्रूच्या दारातही नेता येतील. रशियाने ही बोट बांधली होती स्वतःचा किनारा राखायला. बंदरातून सुसाट बाहेर पडायचं, मारायचं, परत यायचं. मुंबईहून भरधाव निघाली तर कराची गाठून परत येण्याइतकं तेल तिच्या पोटात मावतच नाही, आणि इंजिनांचं आयुष्यही तासांवर मोजलेलं. तिला हल्ल्याची बोट आपल्या लोकांनी केलं. ओढून नेण्याचा सराव केला, वाटेत तेल द्यायला 'पोषक' नावाचं जहाज ठेवलं, सोबतीला किल्तान आणि कच्छल या मोठ्या युद्धनौका घेतल्या, आणि रात्र निवडली, कारण रात्री जहाजांवर हल्ला करण्याची कुवत पाकिस्तानी हवाई दलाकडे नव्हती. आंग्र्यांच्या आरमारात वारा पडला की वल्ह्यांची गलबतं गुराबांना, म्हणजे मोठ्या लढाऊ जहाजांना, ओढत लढाईत न्यायची हे आपण शाळेपासून अभिमानाने सांगतो, मग हे का नाही सांगत?

४ डिसेंबरच्या रात्री निपात, निर्घात आणि वीर या तीन बोटी कराचीवर गेल्या. स्क्वाड्रनचे प्रमुख बबरू भान यादव निपातवर होते. निर्घातच्या दोन मिसाईलांनी खैबर ही पाकिस्तानी विनाशिका बुडवली. खैबरवरच्या लोकांना शेवटपर्यंत विमानाचा हल्ला वाटत होता. दोनशेहून अधिक खलाशी गेले. ती आकडेवारी वाचताना मला कधीच आनंद होत नाही, तीही दर्यावर पोट असलेलीच माणसं. मुहाफिझ हे सुरुंग काढणारं जहाज बुडालं, व्हीनस चॅलेंजर हे मालवाहू जहाज बुडालं. चार दिवसांनी विनाश ही एकच मिसाईल बोट तलवार आणि त्रिशूल या युद्धनौकांबरोबर गेली, चार मिसाईलं टाकून आली, आणि कराची बंदरातल्या किमारीचे तेलाचे टाके पेटले.

हो, डिझाइन आपलं नव्हतं, मान्य. १९७३ ला लताकिया बंदराजवळ सीरियाची हीच मिसाईलं इस्रायलने चकवून वाया घालवली, आणि १९९१ ला इराकच्या असल्या बोटी हेलिकॉप्टरांनी टिपून काढल्या, तेही मान्य. पण ती बोट तीच, मिसाईल तेच, आणि निकाल उलटा! मग फरक कुठे पडला? वापरणाऱ्यात आणि राखणाऱ्यात. हे इतकं उघड आहे की सांगावं लागतंय याचाच मला राग येतो.

पुढे याहून मोठ्या मिसाईल बोटी आपल्याच माणसांनी बांधल्या. प्रबल माझगाव डॉकला, प्रलय गोवा शिपयार्डला. चारच्या जागी सोळा मिसाईलं, पुढे ७६ मिलिमीटरची तोफ. आता कोचीला पुढच्या पिढीच्या सहा बांधतायत. गोदीत सगळं शिकलेली माणसं होती म्हणून हे जमलं, आकाशातून पडलं नाही. मामांसारख्यांना कुणी पदक दिलं नाही, त्यांनी मागितलंही नाही. पण "बटण दाबलं" हे त्यांनी ऐकलं असतं तर त्या मुलाला गॅलरीत बसवून खडू हातात दिला असता. मी चिडलो, ते चिडले नसते.

कारवारला समुद्रकिनाऱ्यावर चपळ ठेवली आहे, या जातीची नंतरची बोट. गोव्याला जाता तेव्हा तासदोन तास काढा आणि पोरांना न्या. तिचे लाँचर पेट्यांसारखे नाहीत, गोल नळ्या आहेत, कारण नंतरच्या मिसाईलचे पंख दुमडायला लागले आणि कमी जागा पुरू लागली. पोरांना तेवढं दाखवा, बाकीचं ती स्वतः विचारतील.

आणि तुमच्यापैकी कुणाच्या घरी गोदीतलं माणूस असेल, फिटर, वेल्डर, रंगारी, कुणीही, तर ते कुठल्या खात्यात होते आणि नेमकं काय काम करायचे ते खाली लिहा. सगळं एकत्र करून सोसायटीच्या ग्रुपवर मीच टाकणार आहे.