ओव्हन १८० चा असला तरी रम उडत नाही

नाताळ जवळ आला की एक मेसेज हमखास फिरतो. यंदा तो घरच्याच ग्रुपवर वहिनींनी टाकला आणि खाली लिहिलं, ‘चला, म्हणजे आता छोट्यालाही द्यायला हरकत नाही.’ म्हणून गप्प बसवत नाही.

मेसेज थोडक्यात असा: अल्कोहोल ७८ अंशांना उडतं आणि केक १८० ला भाजतो, म्हणून प्लम केकमध्ये रमचा नुसता वास उरतो. महिनाभर मुरलेल्या फळांत तशीही दारू राहत नाही. रम पेटवून घेतली की उरलंसुरलं जळतं. गोव्यात सान्नांत (तांदळाच्या, इडलीसारख्या वाफवलेल्या) सूर, म्हणजे माडी, घालतात, मुलं खातात, कुठे काय होतं? रमशिवाय केकला काळा रंग येत नाही आणि तो टिकत नाही. आणि वर मानाचा तुरा: गरोदर बायका, लिव्हरचे पेशंट, लहान मुलं, सगळ्यांनी निर्धास्त खावा, सर्दीवर उत्तम!

आधी ते ७८ आणि १८०. ऐकायला बिनतोड वाटतं, पण पाणीसुद्धा १०० अंशांना उकळतं ना? मग १८० च्या ओव्हनमध्ये तासभर बसलेला केक विटेसारखा कोरडा का निघत नाही? कारण १८० ही ओव्हनमधल्या हवेची उष्णता. केकच्या पोटात पाणी आहे तोवर तिथलं तापमान शंभरापुढे सरकत नाही. काडी कोरडी निघते तेव्हा मधोमध साधारण ९५ असतं. शिवाय ७८ हा आकडा शुद्ध अल्कोहोलचा. रम पिठात मिसळली की अल्कोहोल पाण्यात, लोण्यात, साखरेत अडकलेलं असतं. ते पाण्याच्या वाफेबरोबर थोडं थोडं जातं, आणि जितकं कमी उरतं तितकं ते जायला जास्त वेळ लागतो. वर कवच धरलं की बाहेर पडायची वाट आणखी आवळते.

हे कोणीतरी मोजलं आहे. १९९२ मध्ये अमेरिकेत सहा पदार्थ मुद्दाम दारू घालून करून तपासले, तेव्हा पदार्थानुसार ४ ते ८५ टक्के अल्कोहोल शिल्लक निघालं. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यात हिशोब असा आहे: मिश्रणात ढवळलेलं अल्कोहोल १५ मिनिटं शिजवलं तर ४० टक्के उरतं, अर्ध्या तासाने ३५, तासाने २५, दोन तासांनी १०, अडीच तासांनी ५. उकळत्या पातेल्यात ओतून लगेच गॅस बंद केला तर ८५.

आता आपला केक घ्या. किलोभराच्या केकला १२० मिली रम म्हणजे, बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं त्या हिशोबाने, सुमारे ४० ग्रॅम अल्कोहोल. तासभर भाजून उरलं १० ग्रॅम. पण खरी गंमत पुढे आहे. केक निवल्यावर सुईने भोकं पाडून आपण त्याला वरून रम पाजतो, दोनदा मिळून ६० मिली तरी होतेच. ती ओव्हन बघतच नाही! त्यात २० ग्रॅम अल्कोहोल. न शिजवता रात्रभर ठेवलेल्या पदार्थात तक्त्याप्रमाणे ७० टक्के उरतं, म्हणजे १४ ग्रॅम. एकूण २४, आणि फोडी १२. एका फोडीत २ ग्रॅम अल्कोहोल, म्हणजे सुमारे ६ मिली रम. चहाच्या चमच्याहून थोडी जास्तच. चार वर्षांच्या मुलाला बाटलीतून चमचाभर रम कोणी पाजेल का? मग फोडीतून का पाजायची?

मोठ्या, धडधाकट माणसाला एका फोडीने चढत नाही, हे कबूल. ३० मिलीच्या लहान पेगचा तो पाचवा हिस्सा आहे. पण मेसेज धडधाकट माणसांबद्दल बोलतच नाही, तो नेमकी चुकीची माणसं वेचून त्यांनाच निर्धास्त करतो. गरोदरपणात अल्कोहोलचं सुरक्षित असं कुठलंही प्रमाण माहीत नाही. लिव्हर ज्याचं आधीच थकलंय त्याला डॉक्टर शून्य सांगतात, ‘थोडंसं’ नाही. आणि सर्दी! दारूने कातडीकडचा रक्तप्रवाह वाढतो म्हणून ऊब वाटते, प्रत्यक्षात अंगातली उष्णता बाहेर जाते. लहान मुलांच्या रक्तातली साखर अल्कोहोलने झपकन खाली येऊ शकते, हे तर कुठल्याही बालरोगतज्ज्ञाला विचारा.

चौथी माणसं मेसेज लिहिणाऱ्याच्या ध्यानातही नाहीत. दारू सुटावी म्हणून काहींना डायसल्फिराम ही गोळी चालू असते. तिच्यामुळे अल्कोहोलचं पचन अर्ध्यावर अडतं, अ‍ॅसिटाल्डिहाइड साचतं. चेहरा लालबुंद, धडधड, उलट्या, रक्तदाब खाली. अशा माणसाला अल्कोहोल असलेलं खोकल्याचं औषधसुद्धा वर्ज्य असतं. ही गोळी चालू असल्याचं तो चारचौघांत सांगत नाही, आणि आपण त्याच्यापुढे ताट धरून म्हणतो, ‘घ्या हो, सगळं उडालंय.’

बाकीचं भराभर. मुरणं म्हणजे नाहीसं होणं नव्हे. झाकण घट्ट असेल तर बरणीतली दारू मनुकांच्या आत जाते, म्हणून तर त्या टम्म फुगतात. बरणीत ताजा अननस मात्र घालू नका. त्याच्या पाण्याने रम पातळ होते, फळं आंबतात आणि झाकण फुगतं. पेटवण्याबद्दल: ज्योत दिसते छान, पण ७५ टक्के अल्कोहोल तिथेच राहतं. वाफ विरळ झाली की ज्योत विझते, दारू संपल्यामुळे नाही.

सान्नांच्या मुद्द्याला अर्धा मार्क देतो. सूर घालतात हे खरं, पण तो पीठ फुगवायला, त्यातल्या यीस्टसाठी. ताडीमाडीत अल्कोहोल चारेक टक्के, रमच्या दहावा हिस्सा. ते पिठात पातळ होतं, वर वाफवलं जातं. यीस्टने पावाच्या पिठातही अल्कोहोल होतंच. त्यावरून बेचाळीस टक्क्यांच्या बाटलीला पास कसं मिळतं?

काळा रंग रमचा नाही, जाळलेल्या साखरेचा. १०० ग्रॅम साखर जाड बुडाच्या पातेल्यात कोरडीच वितळवा. गडद तांबूस झाली आणि धूर सुटू लागला की गॅस बंद करून १०० मिली गरम पाणी हात लांब ठेवून बेताने ओता, जोरात उडतं. गार पाणी घातलं तर साखर दगडासारखी आवळते. दोन सेकंद जास्त राहिली तर कडू होते, मग ती फेकायचीच.

टिकण्याबद्दल मेसेजचं थोडं खरं आहे: रम पाजलेला केक महिनाभर राहतो, बिनरमचा बाहेर चार-पाच दिवस, फ्रिजमध्ये दहाएक. मुलं असलेल्या घरात तो तितकाही उरत नाही. बिनरमच्या केकसाठी ५०० ग्रॅम सुका मेवा २५० मिली संत्र्याच्या रसात मंद आचेवर दहा मिनिटं शिजवा, झाकून पूर्ण गार करा, संत्र्याची किसलेली साल, दालचिनी, लवंग, जायफळ आणि चिमूटभर सुंठ घाला. पिठात घालण्याआधी मेवा निथळून दोन चमचे मैद्यात घोळवा, नाहीतर सगळा तळाशी बसतो. निथळलेला रस टाकू नका, केक गरम असतानाच तो वरून ब्रशने लावा.

रमचाच करायचा असेल तर खुशाल करा, चव त्याची वेगळीच असते. फक्त शेजारी डबा पाठवताना झाकणावर चिठ्ठी चिकटवा: ‘यात रम आहे, वरूनही घातली आहे.’